पीटरहॉफच्या कारंज्यांना पंप नाही हे खरे, बाकीचे तपासून घ्या

सेंट पीटर्सबर्गजवळ फिनलंडच्या आखाताकाठी पीटरहॉफ आहे, रशियन सम्राटांचे उन्हाळी निवासस्थान. त्याच्या फोटोंखाली साधारण असा मजकूर फिरतो: “पीटर द ग्रेटने 300 वर्षांपूर्वी बांधलेला हा राजवाडा जसाच्या तसा उभा आहे. कारंज्यांना एकही पंप नाही, खर्च शून्य, पाणी कधी संपत नाही. पुतळे भरीव सोन्याचे. ठरावीक दगडावर पाय पडला की पाणी उडते.” यातला पंपाचा भाग खरा आहे आणि तो खरोखर थोर आहे. त्याच्या आधाराने बाकीचे खपून जाते, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“पंप नाही, म्हणून खर्च शून्य”

पाणी वर चढवायला इथे यंत्र लागत नाही, कारण ते मुळातच वर आहे. दक्षिणेकडच्या रोपशा टेकाडांत झरे आहेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 100 मीटर उंचीवर. तिथून पाणी आणणारा 20 किलोमीटरहून लांब कालवा वासिली तुवोल्कोव या जल-अभियंत्याच्या देखरेखीखाली 1721 मध्ये पुरा झाला. पीटरचा आधीचा बेत जवळच्याच स्ट्रेल्ना इथे मोठे उद्यान करण्याचा होता. तिथे पुरेसा दाब मिळवायचा तर पाण्याची पातळी बरीच चढवावी लागली असती आणि आजूबाजूची जमीन बुडाली असती. म्हणून मुख्य निवासस्थान पीटरहॉफला हलले. जागेची ही निवडच या सगळ्या रचनेचा पाया आहे. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याला सीन नदीतून पाणी उपसण्यासाठी मार्ली इथे 14 अवजड पाणचक्क्या आणि दोनशेहून जास्त पंप बसवावे लागले, तरीही सगळी कारंजी एकदम चालू ठेवण्याइतके पाणी कधी पुरले नाही.

आता इथे एक गैरसमज होतो. 100 मीटर उंचीवरून पाणी येते म्हणजे 100 मीटरचा दाब मिळतो, असे नाही. उघड्या कालव्यात दाब साठत नाही. गच्चीवरच्या टाकीतले पाणी कुठल्या धरणातून आले याने नळाची धार ठरत नाही, टाकी किती उंच आहे याने ठरते. इथेही शेवटच्या तलावाची पातळी आणि कारंज्याचे तोंड यांतले अंतर तेवढे मोजायचे. वरच्या बागेतले तलाव खालच्या उद्यानापेक्षा साधारण 16 मीटर उंच आहेत. सिंहाचा जबडा फाडणाऱ्या सॅमसनच्या पुतळ्याचे जे मुख्य कारंजे आहे, त्याची धार मात्र 20 मीटर उडते. त्यासाठी तोंडाशी पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर हवा आणि उंची 20 मीटरहून जास्तच हवी, कारण नळातल्या घर्षणात काही दाब जातो. म्हणून सॅमसनला अधिक उंचावरच्या तलावातून काही किलोमीटर लांबीचा स्वतंत्र नळ दिलेला आहे.

नळ रुंद आणि तोंड अरुंद, हा इथला नियम. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून न्यायचे तर घर्षणाचे नुकसान साधारण 32 पट होते, मग धार उठतच नाही. सुरुवातीचे नळ बरेचसे लाकडी होते. ते कुजायचे, सांध्यांतून गळायचे, पुढे त्यांची जागा ओतीव लोखंडाने घेतली. कालव्यात गाळ आणि शेवाळ साचते, ते काढावे लागते. नळाच्या चढावर हवा अडकली की धार तुटक येते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला पाणी सावकाश भरतात. हिवाळ्यात नळात पाणी राहिले तर गोठून नळ फुटेल. हे सगळे काम म्हणजे खर्चच.

“पाणी कधी संपत नाही”

संपते. कारंज्यांचे पाणी पुन्हा वर जात नाही, ते सागरी कालव्यातून आखातात जाते. त्यामुळे कारंजी दिवसा काही तासच चालतात आणि रात्री तलाव पुन्हा भरतात. हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत.

“पीटरने बांधलेला, जसाच्या तसा”

हा दावा सर्वांत चुकीचा आहे आणि तो ज्यांनी हे पुन्हा उभे केले त्यांच्यावर अन्याय करतो.

उद्यानाचे थाटात उद्घाटन 1723 मध्ये झाले, पीटर 1725 मध्ये वारला. सॅमसन बसला 1735 मध्ये, स्वीडनवरच्या पोल्टावाच्या विजयाच्या पंचविसाव्या वर्षपूर्तीनिमित्त. मोठा राजवाडा पीटरच्या वेळी बराच लहान होता. आजचे रूप सम्राज्ञी एलिझाबेथसाठी वास्तुविशारद रास्त्रेल्लीने 1755 पर्यंत दिले. राजवाड्यापुढच्या कारंज्यांच्या मोठ्या धबधब्यावरचे मूळ पुतळे शिशाचे होते, ते वाकले आणि झिजले, म्हणून 1799 ते 1806 या काळात त्यांच्या जागी कांस्याचे आले. त्यातला सॅमसन शिल्पकार मिखाईल कोझलोव्स्कीचा. पीटरची स्वतःची आवड पाहायची तर समुद्राला खेटून असलेला मोन्प्लेझिर हा बैठा छोटा राजवाडा पाहावा.

23 सप्टेंबर 1941 रोजी जर्मन सैन्य पीटरहॉफमध्ये शिरले आणि त्याच दिवशी मोठा राजवाडा पेटला. जानेवारी 1944 मध्ये गाव परत मिळाले तेव्हा राजवाड्याच्या जळक्या भिंती उरल्या होत्या, उद्यानात सुरुंग पेरलेले होते. हलवता आलेल्या वस्तू आधीच दूर नेल्या होत्या, काही पुतळे जमिनीत पुरून वाचवले. सॅमसन मात्र नेला गेला आणि सापडला नाही. आजचा सॅमसन शिल्पकार वासिली सिमोनोव यांनी जुन्या फोटोंवरून घडवला आणि तो 1947 मध्ये बसला. कारंजी 1946 मध्ये अंशतः सुरू झाली होती. राजवाड्याची पहिली दालने मात्र 1964 मध्ये उघडली. वरच्या बागेतल्या नेपच्यून या समुद्रदेवाच्या शिल्पाचा प्रवास आणखी लांबचा: तो सतराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये घडला, सम्राट पॉल पहिल्याने विकत घेतला, युद्धात जर्मनीला नेला गेला आणि परत आला.

“भरीव सोन्याचे पुतळे”

कांस्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा आहे. पाणी, वारा आणि बर्फाने तो झिजतो, ठरावीक काळाने पुन्हा चढवावा लागतो.

“दगडावर पाय पडला की पाणी उडते”

मोन्प्लेझिरच्या बागेतल्या बाकड्यांसमोर मुले एकेक दगड दाबून पाहतात. तिथे गुप्त दगड नाही. आडोशाला बसलेला कर्मचारी झडप उघडतो आणि माणूस नेमका दगडांवर असताना उघडतो, म्हणून दगडाचाच प्रताप वाटतो. काही फसवी कारंजी मात्र ठरलेल्या वेळी सुरू होतात.

मोठा धबधबा सकाळी संगीताच्या साथीने सुरू होतो, साधारण 11 वाजता. संग्रहालयाचे त्या वर्षीचे वेळापत्रक पाहून थोडे आधी खालच्या उद्यानात उभे राहिले, तर दाब चढत जाताना सॅमसनची धार हळूहळू पूर्ण उंची कशी गाठते ते दिसते.