टक्कल आणि टोपी

थंडी पडल्यापासून मी साबण लावून पूर्ण वीस सेकंद हात धुतोय. मनात आकडे मोजत. बाहेर ताटकळलेला माणूस दार बडवायला लागतो तेव्हा माझे जेमतेम बारा झालेले असतात, तरी विसापर्यंत जातोच. रात्री वेळेवर झोपतो, नाकाडोळ्यांना बोट लावत नाही. आणि काल नाक चोंदून दवाखान्यात बसलो होतो.

शेजारी एक गृहस्थ. कानटोपी, तिच्यावर मफलर. माझी एक शिंक ऐकून सरसावून बसले.

"रात्री केस धुऊन झोपलात ना?"

मी निमूटपणे डोकं त्यांच्यापुढे वाकवलं. वरची ट्यूबलाइट त्यात दिसली असावी.

"मग तर झालंच! झाकणच नाही. गारवा थेट आत."

"काका, सर्दी विषाणूंमुळे होते. दोनशेच्या वर आहेत ते."

"असतील की. पण शिरतात कुठून? डोक्यातून."

"नाकातून."

"आणि नाक कुठं असतं? पोटाला?"

इंग्लंडात सॉल्झबरीजवळ १९४६ साली निव्वळ सर्दीच्या संशोधनासाठी एक केंद्र उघडलं होतं. तिथे हौशी मंडळींना गरम पाण्याने अंघोळ घालून तशीच ओलेती, वाऱ्याच्या बोळात उभी करत. वर ओले मोजे घालायला लावत. नुसतं कुडकुडून कुणाला जास्त सर्दी झाली नाही. हे सगळं मी काकांना सांगितलं.

"त्यांना केस होते का?" काकांनी विचारलं.

"तुम्ही एवढं गुंडाळून बसलाय, मग तुम्ही का आलात इथं?"

"अंघोळीला काढावी लागते ना टोपी!" असं म्हणून ते तळहातात खोकले आणि त्याच हाताने त्यांनी माझा खांदा थोपटला.

पाय मोडला की लोक चौकशीला येतात. सर्दी झाली की चौकशी समिती बसते. गार पाणी प्यायलात का, पंखा लावलात का, अनवाणी फिरलात का. खरा गुन्हेगार मला ठाऊक आहे. गेला आठवडाभर तो माझ्या शेजारच्या खुर्चीत सूं-सूं करत होता. त्यालाही दोष कसा देऊ? त्याने रजा मागितली होती. "सर्दीच आहे ना?" म्हणून साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. आता निम्मी कचेरी सूं-सूं करतेय, आणि माझ्या रजेच्या अर्जावरही तोच प्रश्न आलाय. या "च"ला औषध नाही. अँटिबायोटिक तर सर्दीच्या विषाणूवर चालतच नाही.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं: विश्रांती घ्या, आठ-दहा दिवसांत बरे व्हाल. विश्रांती कुणाकडे मागायची, ते चिठ्ठीत नव्हतं.

बाहेर आलो तर काका टोपी काढून उभे. तिच्याच कडेने नाक पुसत ते म्हणाले, "घ्या, तुम्हाला जास्त गरज आहे. घरी दुसरी आहे माझ्याकडे." आणि नको-नको म्हणेपर्यंत त्यांनी मला अक्षरशः टोपी घातली.

घरी येताच तिला कडक पाण्यात भिजवली. वीस सेकंद नाही, रात्रभर. आज वाळली.

कान मस्त गरम राहतात हो, हेच तर जास्त झोंबतंय.