हयग्रीव म्हणजे राक्षसच? पागेतल्या तसबिरीवरच्या मेसेजला उत्तर

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे फोटो फिरू लागतात. त्यांच्यासोबत सध्या खानदेशातल्या ग्रुपांवर एक मेसेजही फिरतोय. त्याचं म्हणणं असं: घोड्याच्या तोंडाचा हयग्रीव हा वेद चोरणारा राक्षस, बौद्धांनी त्यालाच देव केलं, म्हणून त्याची तसबीर पागेत लावू नका, घोडा दगावतो.

यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तो पटतो. भागवताच्या आठव्या स्कंधात वेद पळवणारा हयग्रीव दानवच आहे आणि मत्स्यरूपातला विष्णू त्याला मारतो. पण महाभारताच्या शांतिपर्वात मधु-कैटभांनी नेलेले वेद सोडवून आणायला विष्णूच घोड्याचं शिर धारण करतो. देवीभागवतात तर दोघे समोरासमोर येतात. घोड्याचं शिर असलेल्याच्याच हातून मरण यावं, असा वर दानवाने मागून घेतलेला. इकडे वाळवीने धनुष्याची दोरी कुरतडली, त्या झटक्याने विष्णूचं मस्तक उडालं, तिथे घोड्याचं शिर बसवलं गेलं आणि त्या रूपातल्या विष्णूने दानवाला संपवलं. मारणारा आणि मरणारा, दोघांचं नाव एकच! मेसेजवाल्याने मरणारा तेवढा उचलला. ललितासहस्रनाम घरोघरी म्हणतात. ते अगस्त्यांना सांगणारे हयग्रीवच.

बौद्धांनी राक्षस पुजला, हेही खोटं. त्यांच्याकडे हयग्रीव हे करुणामूर्ती बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचं उग्र रूप आहे. हा अवलोकितेश्वर आपल्याला परका नाही. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या 4 क्रमांकाच्या लेण्यात आठ महाभयांतून भक्तांना सोडवणारा तोच कोरलेला आहे. तिबेटी चित्रांत हयग्रीवाचा चेहरा घोड्याचा नसतो. लाल, संतप्त मुद्रेच्या वर केसांतून घोड्याचं छोटं हिरवं मुख डोकावतं आणि त्याच्या खिंकाळीने विघ्नं पळतात अशी श्रद्धा आहे. ल्हासाजवळच्या सेरा मठात त्याचं स्वतंत्र देवघर आहे. आसामात हाजोच्या हयग्रीव-माधव मंदिरात हिंदू जातातच, भूतानचे बौद्ध यात्रेकरूही जातात. कुणी कुणाचा देव पळवला, हा वाद तिथे लागू पडत नाही.

राहिली पागा. जपानात याच देवाला बातो कन्नोन म्हणतात आणि घोड्यांच्या रक्षणासाठी, मेलेल्या घोड्यांच्या स्मरणार्थ त्याच्या शिळा रस्त्याकडेला उभ्या करतात. तसबिरीने घोडा दगावतो म्हणणाऱ्या मेसेजात एकाही ग्रंथाचं नाव नाही. घोडा दगावतो पोटशूळाने, धनुर्वाताने. बाजारात घोड्याच्या अंगावरचे शुभ-अशुभ मानले जाणारे केसांचे भोवरे, देवमण जरूर बघा, पण धनुर्वाताची लस टोचली का, हे आधी विचारा. तसबीर हवी तर खुशाल लावा.