स्टोव्हच्या दाराची दोरी आणि आजीची चूल

'एक कोकणी' यांस,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चहा घेऊन. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की चार मुद्द्यांपैकी एकावर तुम्ही साफ बरोबर आहात, एकावर अर्धे, आणि उरलेल्या दोनांवर आपलं काही जमायचं नाही.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: लाकडाच्या स्टोव्हच्या दारातली दोरी (दार आणि चौकट यांच्यातली फट बुजवणारी, उष्णता सोसणारी) झिजली म्हणून ती बदलण्यावर मी अख्खा लेख खर्च केला, ही अमेरिकेत गेल्यावर सुचणारी थेरं आहेत, आजीच्या चुलीला ना दार होतं ना दोरी, तरी चाळीस पानं उठायची. मिशिगनमधला तुमचा पुतण्या नऊ वर्षं तोच स्टोव्ह पेटवतोय, दोरीला त्याने हात लावलेला नाही आणि घरात धुराचा लवलेश नाही. 'दोन-तीन वर्षांनी बदला' हा दोरी विकणाऱ्यांचा धंदा. आणि शेवटी, फोटोत मी जुनी दोरी तारेच्या ब्रशने खरवडतोय, पांढरी धूळ उडतेय, आणि नाकाला साधं फडकंसुद्धा नाही.

शेवटून सुरू करतो, कारण तिथे मी चुकलो. आमचा स्टोव्ह १९९० नंतरचा आहे आणि त्यातली दोरी आधीच्या मालकाने एकदा बदललेली होती, फायबरग्लासची. हे मला माहीत होतं, लेखात मात्र लिहिलं नव्हतं. तो फोटो बघून कुणी तळघरातला १९७० च्या दशकातला स्टोव्ह तसाच खरवडायला घेतला असता तर? त्या काळात स्टोव्हच्या दोऱ्या ॲस्बेस्टॉसच्याही असत. आपल्याकडच्या 'सिमेंटच्या पत्र्यां'मध्ये जे असतं तेच हे, तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की घातक. काजळी खाऊन करड्या पडलेल्या दोन दोऱ्यांतली कुठली कशाची, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. तुकडा प्रयोगशाळेत द्यावा लागतो. तोवर ती ॲस्बेस्टॉसचीच आहे असं धरून चालायचं. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात टाकून दोरी चिंब भिजवायची, अख्खी सोलून काढून पिशवीत बंद करायची. कोरडा ब्रश नाही आणि घरातला व्हॅक्युम तर मुळीच नाही, तो बारीक तंतू मागच्या बाजूने घरभर उडवतो. फायबरग्लासची धूळ त्या मानाने गरीब, पण घशात आणि मनगटांवर दिवसभर खाज सुटते, एवढं मीही अनुभवलंय. फोटो काढून टाकला आहे. तुमचे आभार, आणि हे उपरोधाने म्हणत नाही.

आता चूल. मीही चुलीवरच्या भाकरीवर वाढलोय, त्यामुळे तिच्याविरुद्ध माझं काही नाही. पण चुलीत आच कमी कशी करतात? लाकूड मागे ओढून. वाढवायची तर पुढे सारून, फुंकणी मारून. अगदीच हाताबाहेर गेली तर पाण्याचा हबका. सगळा ताबा लाकडावर, आणि तो ठेवायला चुलीपुढे एक बाई सतत बसलेली. हवा चारी बाजूंनी हवी तेवढी, तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. इथे व्हरमाँटमध्ये जानेवारीत बाहेर उणे पंचवीस असतं. रात्री दहा वाजता मेपलचे चार ओंडके एकदम आत ठेवायचे, दार लावायचं आणि झोपायला जायचं. दार लावलं की लाकडावरचा ताबा संपला. ते सकाळी सहापर्यंत पुरेल की बाराच्या आत भडकून जाईल, हे एकच गोष्ट ठरवते: हवा आत सोडणारी पुढची पट्टी. दार आणि चौकट यांच्यात फट असेल तर ती पट्टी शोभेची. तुम्ही ती डावीकडे सरकवा नाहीतर उजवीकडे, आग आपली हवा फटीतून घेणार.

हल्लीच्या स्टोव्हमध्ये हवा फक्त किती घ्यायची एवढंच नव्हे, कुठून घ्यायची हेही ठरलेलं असतं. काही हवा काचेवरून खाली उतरते, म्हणून काच स्वच्छ राहते. काही वरच्या भोकाभोकांच्या नळ्यांतून तापून येते आणि धूर धुराड्यात शिरायच्या आत त्यालाच जाळते. धूर जाळायला सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. दाराच्या तळातून गार हवेचा झोत घुसला की हे सगळं बिनसतं. काचेच्या एकाच कोपऱ्यात काजळी धरू लागली तर मी आधी तिथली दोरी बघतो.

काही जण या दोरीला कुकरची रिंग म्हणतात. दिसायला खरं, काम उलटं. कुकरची रिंग आतलं बाहेर जाऊ देत नाही, ही बाहेरचं आत येऊ देत नाही. तुमच्या पुतण्याचं नेमकं इथेच फसतंय. धुराडं तापलं की वर ओढ लागते, आणि त्या ओढीने स्टोव्हच्या पोटात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. दोरी पार गेलेली असली तरी धूर बाहेर येत नाही, खोलीतली हवा आत खेचली जाते. म्हणून 'घरात धूर नाही' यावरून दोरी चांगली आहे असं ठरत नाही. खराब दोरी वर्षानुवर्षं लक्षात न येण्याचं कारणच ते.

धूर येतो तो वेगळ्या वेळी. पहाटे निखारे उरलेत, धुराडं गार पडलंय, ओढ मंदावली आहे, आणि अशात स्वयंपाकघरात कुणीतरी मिरचीची फोडणी देऊन वरचा, हवा बाहेर फेकणारा पंखा फुल केला. थंडीसाठी घट्ट बांधलेल्या घरात तो पंखा हवा कुठून आणणार? धुराड्यातून, उलट्या दिशेने. त्या वेळी फटीतून जे बाहेर येतं त्याला बहुतेक वास नसतो, कारण निखाऱ्यांना धूर कमी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर. दोरी कितीही नवी असली तरी त्याचा अलार्म हवाच. पुतण्याकडे आहे ना, ते विचारा. दोरीपेक्षा आधी ते विचारा.

'हवा जास्त लागली तर आग चांगलीच होईल की' असंही तुम्ही लिहिलंय. माझंही तेच मत होतं, तीन हिवाळ्यांपूर्वीच्या एका रात्रीपर्यंत. त्या मोसमात लाकूड भसाभस संपत होतं, सकाळी एक निखारा उरत नव्हता. मी धुराडं साफ करवून घेतलं, लाकडातला ओलावा मोजला (वीस टक्क्यांच्या खाली होता), पट्टीची दांडी काढून पुन्हा बसवली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्या रात्री ओक भरला, पट्टी बंद केली, आणि अर्ध्या तासाने वरच्या पत्र्यावरच्या थर्मामीटरचा काटा लाल भागात गेला. पट्टी पूर्ण बंद आणि आत भट्टीसारखा घुमणारा आवाज. नळकांड्याच्या रंगाचा वास सुटला. पाणी मारावंसं वाटलं, पण तापलेल्या बिडावर पाणी मारलं की ते तडकतं हे सुदैवाने आठवलं. खुर्ची ओढून दीड तास समोर बसून राहिलो. शेजारच्या खोलीत मुलगी झोपली होती. धुराड्यात क्रिओसोटचा (धुरातून साचणाऱ्या डांबरासारख्या काजळीचा) थर असता तर तोही पेटला असता.

चूक पुढच्या दारात नव्हतीच. ती खाली होती, राखेच्या ट्रेच्या छोट्या दारात. त्याची दोरी एका बाजूला दगडासारखी होऊन चपटली होती. घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब असेल तर आठवा: जाळीखालची राख ओढली की तो कसा धडाडून पेटायचा. राखेच्या दाराची फट म्हणजे निखाऱ्यांच्या बुडाशी लावलेला भाताच. पुढच्या दाराची काच सगळे रोज पुसतात, खालचं दार कुणी बघत नाही. मूळ लेखात मीही त्याला एकच ओळ दिली होती, म्हणून इथे भरपाई.

धंद्याबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. कॅलेंडर बघून दोरी बदलू नये. स्टोव्ह रोज पेटतो की फक्त शनिवार-रविवारी, दार हळू लावतात की आपटतात, ओंडके दोरीला घासतात का, यावर तिचं आयुष्य ठरतं. वय बघू नका, नोट लावून बघा. स्टोव्ह गार असताना दारात नोट धरून दार लावायचं आणि ओढायची. अडकली पाहिजे. सहज सुटली तर ती जागा गेली. चौकटीभोवती सात-आठ ठिकाणी बघायचं, बिजागरीची बाजू आणि तळ न विसरता. 'डॉलरचीच नोट कशाला, माज आहे का,' असं तुम्ही विचारलंत. कागदाची पट्टीही चालते. अमेरिकन नोट कापूस आणि लिननची असते, ओढताना फाटत नाही, एवढंच.

आणि नोट सुटली म्हणून लगेच दुकानात पळायचं नाही. पुष्कळ स्टोव्हना दाराची कडी आवळायची सोय असते, कुठे नट फिरवून, कुठे वॉशर काढून. चपटलेली दोरी तेवढ्याने आणखी एक हिवाळा काढते. हे मी लेखात लिहायला हवं होतं. वीस-पंचवीस डॉलर वाचतात, आणि ज्याच्या खिशात ते राहतात तो कंपनीचा माणूस नक्कीच नसतो.

बदलायचीच ठरली तर जाडी आधी नीट बघा. जुन्या दोरीची रुंदी मोजून मी एकदा अर्ध्या इंचाची आणली. दुकानदाराने 'जाड असली तर चांगलीच दाबून बसेल' म्हणून पाठ थोपटली. मूळ दोरी होती ३/८ इंची, दबून पसरली होती. नव्या दोरीवर दार लागेना. जोर करून लावलं असतं तर बिजागरी वाकली असती, नाहीतर बिडाचं दार तडकलं असतं. सगळी उपटून पुन्हा खाच साफ करण्यात एक रविवार गेला. माहितीपुस्तिकेत आकडा असतो, तोच खरा. दोरी मऊ विणीची की घट्ट विणीची, तेही त्यातच बघा.

बसवताना बहुतेकांचं दोन ठिकाणी चुकतं. एक, दोरी ताणतात. ताणलेली दोरी बारीक होते आणि पुढे आखडून सांध्यात फट पाडते. उलट बोटांनी किंचित मागे रेटत बसवावी. दोन, दोरी चिकटवायचं सिमेंट बदाबदा ओततात. ते दोरीत मुरलं की नवी दोरी पहिल्याच आगीत लाकडासारखी कडक. खाचेच्या तळाला एक बारीक रेघ पुरते. कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळून तिच्या मधोमध कापलं की टोकं उसवत नाहीत. सांधा कोपऱ्यात घ्यायचा नाही, सरळ बाजूवर घ्यायचा, टोकाला टोक भिडवून. मग दार हलकं लावून रात्रभर राहू द्यायचं आणि पहिली आग छोटी करायची. काचेभोवतीची चपटी पट्टी बदलत असाल तर स्क्रू बेताने आवळा. ती काच उष्णतेने जवळपास पसरत नाही, भोवतीचं लोखंड पसरतं. जागा ठेवली नाही तर तडा काचेलाच जातो.

पुतण्याला सांगा, आज स्टोव्ह गार असेल तर राखेच्या दारापासून सुरुवात कर, पुढचं दार मग. नऊ वर्षांत नोट कुठेच सुटली नाही तर त्याच्या स्टोव्हचं मॉडेल मला कळवा, पुढचा तोच घेईन. सुटली तर कुठल्या बाजूला सुटली तेवढं लिहा. माझी पैज बिजागरीच्या बाजूवर आहे.