डबा बिलात नाही

परवा संध्याकाळी मी घराजवळच्या मोठ्या, गारेगार दुकानात दोन कापडी पिशव्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन शिरले. तिथे तांदूळ-डाळी सुट्या मिळतात. मुळशीचा आंबेमोहोरही असतो, आणि त्या कोपऱ्यावर ‘आपल्या मातीतलं’ अशी हिरवीगार पाटी आहे. पाटी फ्लेक्सची आहे, पण असू दे. इतक्या आधीपासून चिडायला लागले तर काकांपर्यंत पोचायचीच नाही.

दारातल्या सिक्युरिटीवाल्या दादांनी दोन्ही कापडी पिशव्या घेतल्या, एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्या आणि तिचं तोंड प्लास्टिकच्याच पट्टीने करकचून आवळलं.

"अहो, मग मी सामान कशात भरू?"

"जाताना कापून देतो ना मॅडम."

"आणि ही मोठी पिशवी?"

"ती तुम्हाला. फ्री आहे."

राज्यात प्लास्टिकबंदी 2018 च्या मार्चमध्ये जाहीर झाली, जूनमध्ये दंड सुरू झाला, पहिल्या गुन्ह्याला 5000 रुपये. त्या भीतीने मी शिवलेल्या या पिशव्या, जुन्या पडद्याच्या, फुलाफुलांच्या. त्या आता पुराव्याच्या वस्तूसारख्या सीलबंद होऊन माझ्याकडे बघत होत्या.

मग डबा. दादांनी झाकण उघडायला लावलं, आत वाकून पाहिलं, रजिस्टर काढलं. नाव, मोबाइल नंबर, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात: ‘स्टील डबा 1, झाकणासह, रिकामा.’ यातला शेवटचा शब्द ध्यानात ठेवा.

आत भाज्यांपाशी करटोली दिसली. पावसाळ्यात करटोली दिसली की माझं भान सुटतं. काळ्या प्लास्टिकच्या ताटलीत बसवलेली, वरून ताणून पारदर्शक कागद, आणि त्यावर ‘मुळशीच्या रानातून थेट तुमच्या ताटात’. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. पॅकिंग नवी मुंबई. म्हणजे मुळशीच्या रानातली करटोली बोर घाट उतरून नवी मुंबईला गेली, तिथे कपडे घालून पुन्हा घाट चढली आणि ‘थेट’ माझ्यापर्यंत आली. आमच्याकडून लोक रविवारी सकाळी भजी खायला स्कूटरवर मुळशीला जातात आणि जेवायला घरी येतात, एवढं ते जवळ. बरं, वरची चार कोवळी, हिरवी. ताटली उलटी करून खालून पाहिलं तर बाकीची जून, पिवळसर, आत खडे वाजावेत अशा बिया असलेली. हाताळून निवडायची सोय नाही, कागद फाडला तर घ्यावंच लागतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी करटोलीचा वाटा लावायच्या. फोडशी, टाकळा, कुर्डू, सगळं पहाटेच्या बसने यायचं, जुड्या केळीच्या सोपटाने बांधलेल्या. एखादं जून निघालं तर "ते टाका ताई, हे घ्या" म्हणून दोन वर घालायच्या. फोडशीतला मधला दांडा काढा हे प्रत्येक वेळी सांगायच्या, मला माहीत असलं तरी. मग पदपथ सुंदर झाला. बाकडी आली, कुंड्या आल्या, आणि एके दिवशी गाडी येऊन मावशींची टोपली घेऊन गेली. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवू नये असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मावशींपाशी कायदा नव्हता, टोपली होती. आता त्या बाकड्यांवर कोणी बसत नाही, कारण समोर बघायला काही उरलेलं नाही. तर स्थानिक भाजी घेण्यासाठी मी या दुकानात का जाते, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

करटोली तिथेच ठेवून मी आंबेमोहोराकडे वळले, डबा भरला आणि वजनाच्या रांगेत उभी राहिले. काट्यावरचा मुलगा विशीतला, नम्र.

"एक किलो तीनशे ऐंशी, मॅम."

"त्यातले तीनशे ऐंशी डब्याचे." घरून तोलून आणला होता, बुडावर मार्करने आकडाही लिहिला होता. मी अशीच आहे.

"हो मॅम. पण काट्याला काय माहीत?"

मुद्दा बिनतोड होता. "मग वजा करा ना."

"वजा होत नाही. सिस्टीममध्ये डबा नाही."

तांदूळ 120 रुपये किलो. म्हणजे माझ्या लग्नात आहेर आलेला, वर चुलतसासूबाईंचं नाव कोरलेला डबा मी आंबेमोहोराच्या भावाने 45 रुपये 60 पैशांना परत विकत घ्यायचा. चुलतसासूबाईंनी तरी एवढ्याला घेतला होता की नाही, शंकाच आहे.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हे बेकायदेशीर आहे."

वळून पाहिलं. पंचाहत्तरीचे एक काका. डोक्यावर पावसाळी टोपी, सँडलमध्ये मोजे, ट्रॉलीत एकच पपई. ट्रॉली माझ्या पोटरीला लावून ते पुढे आले. "तुम्ही बोलू नका," मला म्हणाले. मी बोलतच नव्हते. "वजनमापे खात्यातून रिटायर झालोय मी."

मुलाने "नमस्कार सर" म्हटलं. हे चुकलंच त्याचं.

काकांनी खिशात हात घातला. किल्ल्या निघाल्या, मग रुमाल निघाला, आणि रुमालाच्या घडीतून एक पितळी वजन. 100 ग्रॅमचं. हा माणूस खिशात वजन घेऊन पपई आणायला आला होता. माझा डबा बाजूला सारून त्यांनी ते काट्याच्या मधोमध ठेवलं. 0.100. मग चारही कोपऱ्यांत सरकवून पाहिलं. सगळीकडे 0.100.

"काटा बरोबर आहे," काका म्हणाले. डॉक्टर बाहेर येऊन "सॉरी" म्हणतात, त्या सुरात.

पण ते खचले नाहीत. "हे बघ बाळ. वैध मापन अधिनियम 2009. त्याआधी 1976 चा. त्याआधी 1956 चा. गिऱ्हाइकाला निव्वळ वजन मिळालं पाहिजे. निव्वळ! बारदान वगळून! दिवाळीत मिठाईवाले काय करतात?"

"काय करतात सर?"

"खोकं पेढ्यांबरोबर तोलतात. खोकं! पुठ्ठ्याचं खोकं पेढ्याच्या भावाने! किती जणांवर केसेस केल्यात मी." आणि मग त्यांनी एका अशा मिठाईवाल्याची हकिकत काढली, ज्याने खोक्याच्या तळाशी आणखी एक पुठ्ठा चिकटवला होता. हकिकत चांगली होती. मी एरवी आवडीने ऐकली असती. पण ती सांगताना काकांचा डावा हात काट्याशेजारच्या पिशव्यांच्या रोलवर गेला आणि आपसूक ओढू लागला. सर्र, एक. सर्र, दुसरी. पुठ्ठा सापडेपर्यंत चार झाल्या होत्या. घडी घालून खिशात.

"काका, पपईला एवढ्या कशाला?" मी न राहवून विचारलं.

"तुम्ही बोलू नका. कचऱ्याला लागतात." सर्र. "तर टेअर. टेअरचं बटण असतं प्रत्येक काट्याला. रिकामा डबा ठेवायचा, बटण दाबायचं, शून्य येतं. कुठाय ते?"

मुलाने बोट दाखवलं. बटणावर सेलोटेप चिकटवलेली होती.

"मॅनेजर सरांनी लावलीय. कोणीतरी दाबून ठेवलं होतं, दिवसभर सगळ्यांना कमी बिल गेलं."

काकांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी विसरणार नाही. खोक्याखाली दुसरा पुठ्ठा सापडला तेव्हा असंच आलं असणार. "बोलाव त्याला!"

रांग आता बिस्किटांपर्यंत गेली होती. ड्रॅगनफ्रूट घेतलेल्या एका मुलीने "आँटी, पिशवीत घ्या ना प्लीज" म्हटलं. मला, काकांना नाही. हे माझं नेहमीचं नशीब. भांडण माझ्या नावावर, बोलणारा भलताच, आणि लोकांचे डोळे मात्र माझ्याकडे: ही बाई, हिचा डबा, हिचं पर्यावरण. दुकानात कोणी टीव्ही परत करायला आलं तर सगळे सहानुभूतीने बघतात. एक किलो तांदूळ डब्यात मागितला की आपण विक्षिप्त.

मॅनेजर आले. तिशीचे, गळ्यात पट्टा, चेहऱ्यावर प्रशिक्षण. सगळं ऐकून घेतलं आणि मिनिटात तोडगा काढला. डब्यातला तांदूळ पिशवीत ओतायचा. पिशवी तोलायची. स्टिकर काढायचा. तांदूळ परत डब्यात ओतायचा, स्टिकर डब्यावर लावायचा, पिशवी टाकून द्यायची.

"म्हणजे पिशवी वापरायचीच?" मी म्हटलं.

"घरी न्यायची नाही ना मॅम. आम्ही इथेच डिस्कार्ड करतो."

मी आशेने काकांकडे पाहिलं. काका प्रसन्न होते. "निव्वळ वजन आलं की नाही? जिंकलो आपण."

आपण! मुलाने पिशवी फाडली, तांदूळ ओतला, थोडा काट्यावर सांडला, 990 ग्रॅम भरला. पिशवीवर हिरव्या अक्षरात छापलं होतं, ‘मी प्लास्टिक नाही’. असल्या पिशवीशी माझा जुना परिचय आहे. घरच्या खताच्या बादलीत एक टाकली होती. केळीची सालं गेली, चहाचा चोथा गेला, कणसाची बुरखंडंसुद्धा विरली, आणि त्या काळ्याभोर मातीतून ती जशीच्या तशी वर आली, अक्षरांसकट. ती कुजायला साठेक अंशांवर तापणारा मोठा खतप्रकल्प लागतो. माझ्या गॅलरीत तेवढं फक्त मीच तापते.

मुलगा पिशवी टोपलीत टाकणार, तोच काका म्हणाले, "फेकतोस कशाला? दे इकडे." तीही खिशात गेली.

बिलाच्या काउंटरवर "कॅरीबॅग हवी का, दहा रुपये" हे विचारून झालं, माझा मोबाइल नंबर दुसऱ्यांदा घेऊन झाला. मी दाराशी आले. पिशव्या सीलमध्ये, डबा हातात. दादांनी बिल वाचलं, डबा पाहिला, पुन्हा बिल वाचलं.

"मॅडम, डबा बिलात नाही."

"डबा माझा आहे. बिलात तांदूळ आहे."

"आत स्टीलचे डबे विकायला आहेत मॅडम. वरच्या मजल्यावर."

"वर नाव कोरलंय बघा." त्यांनी नाव वाचलं, बिलावरचं नाव वाचलं. जुळलं नाही. चुलतसासूबाईंचं कशाला जुळेल?

"रजिस्टरमध्ये लिहिलंत ना तुम्हीच!"

रजिस्टर उघडलं. दादांचं बोट रकान्यावरून सरकत सरकत शेवटच्या शब्दावर थांबलं. "इथे रिकामा आहे. हा भरलेला आहे."

"तांदूळ भरला. त्याचं बिल आहे."

"बिल तांदळाचं आहे मॅडम. रिकामा डबा कुठाय?"

मला खरंच एक क्षण वाटलं की कुठाय. दादांचंही चुकत नव्हतं. बारा तास उभं राहायचं, काही गेलं तर पगारातून कापणार, त्यात कोणीतरी बाई डबा घेऊन तत्त्वज्ञान करायला येते. ते शांतपणे म्हणाले, "असं करा, तांदूळ एका पिशवीत काढा. रिकामा डबा दाखवा, मी आउटची सही करतो. मग भरून घ्या परत."

"पिशवी नाहीये माझ्याकडे."

"ही सीलची आहे ना, कापून देतो."

मागे पपई घेऊन काका उभे होते. त्यांनी ट्रॉली पुन्हा माझ्या पोटरीला लावली, खिशातून घड्या बाहेर काढल्या, त्यातून नेमकी तांदळाची पावडर लागलेली निवडली आणि झटकून माझ्यापुढे धरली.

"ही घ्या," म्हणाले, "पण परत द्यायची हं. सकाळी ताई येतात कचऱ्याला."