मुक्त शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

वर्गासाठी मुक्त साहित्य, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, बदलावं, वाटावं असं, बनवताय? वा! मग आधी लोगो करून घ्या, मजकुराचं नंतर बघू. लोगो पानाच्या मधोमध, तिरका आणि आकड्यांवरून जाणारा हवा. झेरॉक्समध्ये तो असा काळा उतरतो की ३ कुठला आणि ८ कुठला हे मुलांनी श्रद्धेनेच ओळखायचं.

सगळं रंगीत करा. 'लाल चौकोन मोजा, हिरवे चौकोन मोजा.' झेडपीच्या शाळेत रंगीत प्रिंटर असतोच.

व्हिडिओ तासिकेपेक्षा मोठा ठेवा.

क्यूआर कोड तर हवाच. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकांत कोड आणले, २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझही मिळवलं. त्यांच्या कोडमागे धडा असायचा. तुमच्या कोडमागे 'रिक्वेस्ट ॲक्सेस', म्हणजे 'आधी परवानगी मागा', असला तरी चालेल.

आता मुख्य सूचना. कुणाला एक अक्षरही बदलू देऊ नका. परवा एका नामांकित संस्थेची अपूर्णांकांची कृतिपत्रिका उतरवून घेतली. चित्रात पिझ्झा. आमची शाळा अक्कलकोटच्या बाजूला, निम्म्या पोरांच्या घरी कन्नड. पोरगं विचारतंय, "गुरुजी, ह्ये काय हाय?" पिझ्झा काढून कडक भाकरी टाकावी, शेजारी कंसात 'रोट्टी' लिहावं, एवढीच माझी इच्छा. भाकरीचे चार तुकडे तर पोरं रोज करतात! पण फाइलला कुलूप. कसंबसं उघडलं आणि मजकूर कॉपी केला, तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. कारण टायपिंग कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये. अहो, कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसावं म्हणून असलेलं युनिकोड येऊन किती वर्षं झाली? ज्ञ आणि क्ष टाइप करायला अजून जुनाच फॉन्ट लागतो का तुम्हाला? शेवटी लाइट जायच्या आत सगळी पत्रिका पुन्हा टाइप करत बसलो. आणि तळाशी ठळक अक्षरांत काय? 'मुक्त शैक्षणिक साहित्य. यात कोणताही बदल करण्यास सक्त मनाई.'

युनेस्कोने २०१९ मध्ये यावर शिफारसपत्रच काढलंय. असं साहित्य विनामूल्य मिळावं, पुन्हा वापरता यावं, बदलता यावं आणि बदललेलं पुढे वाटता यावं, असं त्यात लिहिलंय. आपल्या साहित्याचं इतरांनी काय करावं हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) परवाने २००२ पासून तयार आहेत. त्यातला सीसी बाय लावला की कुणीही काहीही बदलो, श्रेय तुम्हाला द्यावंच लागतं. बदललेली प्रतही तशीच खुली राहावी असं वाटत असेल तर सीसी बाय-एसए घ्या. एनडी, म्हणजे 'बदललेलं वाटू नका' हा परवाना, लावला की मी केलेली भाकरीवाली पत्रिका शेजारच्या गुरुजींना द्यायचीसुद्धा चोरी. आणि एकट्या सोलापूर शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. तिथे न बदलता तुमची पत्रिका चालणार कशी?

तेव्हा सरळच सांगतो. पीडीएफसोबत वर्ड फाइल द्या. चित्रं वेगळी द्या. पाठवण्याआधी काळ्या-पांढऱ्यात एक प्रत काढून डोळ्यांनी बघा. पाच मिनिटं लागतात. एवढं करायचं नसेल तर विका खुशाल, हरकत नाही, पण फुकटच्या नावाने आमच्या रात्री खाऊ नका. आणि 'उत्तरसूचीसाठी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन करा' हे तर लिहूच नका. केंद्राचा ग्रुप, बीटचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप, निवडणुकीचा ग्रुप. अजून किती?