प्रत्येक काळा-निळा डाग साधा नसतो
रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे अंगावर उठणारे काळे-निळे डाग साधे असतात, हे एका लेखातलं म्हणणं बहुतेकदा खरं आहे. पण त्यातल्याच वॉरफरिन या गोळीबद्दल एक गोष्ट त्यात राहून गेली, आणि ती फार महत्त्वाची वाटते. गोळी सुरू केल्यावर साधारण ३ ते १० दिवसांत मांडी, नितंब किंवा स्तनावर खूप दुखणारा लाल चट्टा उठून काळा पडू लागला, तर तिथली त्वचा मरत असू शकते. दुर्मीळ आहे, पण गंभीर. गोळीने रक्तात गुठळ्या होऊ न देणारं 'प्रोटीन सी' हे प्रथिन आधी घटतं आणि बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. म्हणून अनेकांना सुरुवातीला हेपॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शनही देतात. कृपया असा चट्टा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनानेच बंद करू नका.