५० मिमी रिम आमच्याकडे नको

सायकलच्या चाकांवरच्या लेखात रेस आणि रोजच्या रायडिंगसाठी एकच जोडी म्हणून ५० मिमी खोल रिमची कार्बन चाकं सुचवलीत. सपाट रस्त्याला ठीक. पण आषाढात आमच्या बेळगावकडं जांबोटीहून कणकुंबीकडे जाऊन बघा, आडवा वारा पुढचं चाक असा ओढतो की हँडल धरून हात भरून येतात. मी तरी ३०-३५ मिमीच घेईन, वर २८ मिमीचा टायर. स्पोक साधे, वाकड्या डोक्याचे, निदान २४. लांबी जुळली की गावातला मिस्त्रीही बसवतो. ज्यांचा ब्रेक थेट रिमवर घासतो त्या रिम ब्रेकवाल्यांनी मात्र कार्बन टाळावंच. चोर्ला घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून रिम तापते, तिथं अ‍ॅल्युमिनियम बरं. आणि राजहंसगडाच्या चढाला हलकी चाकं घेऊन दोनशे ग्रॅम वाचवणाऱ्यांनी आधी बाटलीतलं पाणी मोजावं!